फायनान्शियल कॅल्क्युलेटरवर एनपीव्ही कसा काढायचा: पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

नागपुरात धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसात मी प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करते. बँकेत टर्मलोनची, म्हणजे मुदतीच्या कर्जाची, फाइल लावायची असली की लोक आमच्याकडे येतात. कुणाला पिठाची गिरणी टाकायची असते, कुणाला हिंगण्यात छोटा वर्कशॉप, कुणाला कोल्ड स्टोरेज. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात पैसे सुटतील का?" त्याचं आकड्यातलं उत्तर म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य. ऑफिसात आणि परीक्षेच्या अभ्यासात सगळे त्याला एनपीव्हीच म्हणतात.

हे मला कुणी सरळ बसवून शिकवलं नाही. कॅल्क्युलेटरसोबतचं पुस्तक बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि व्हिडिओत शिकवणारा भराभर कळा दाबत पुढे निघून जातो. चुका करत शिकले, आणि एक चूक माझ्या मामांच्या अंगाशी आली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. कळांवरची अक्षरं रोमन असतात, मी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीन. कॅल्क्युलेटर समोर ठेवून वाचा.

१. सोबत काय घ्यायचं

- फायनान्शियल कॅल्क्युलेटर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा १२ सी. गुंतवणूक-विश्लेषकांच्या सीएफए परीक्षेला याच दोन घराण्यांतली मॉडेलं चालतात, म्हणून शिकणाऱ्यांकडे बहुधा यांतलंच एक सापडतं. मी बीए टू प्लसवर शिकवते, १२ सीच्या कळा पुढे दिल्या आहेत.
- साधा बारा आकडी कॅल्क्युलेटर, पडताळणीसाठी.
- मशीनचं कोटेशन, वीजजोडणीचा अंदाज, शेडच्या खर्चाचा कागद.
- विक्री आणि खर्चाचा वर्षवार अंदाज. दुकान आधीपासून चालू असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं.
- बँकेचं व्याजदर लिहिलेलं पत्र.
- कोरा कागद आणि पेन्सिल. पेनने सुरुवात करू नका, आकडे बदलतातच.

सीएच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. तिथे असा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, साधाच चालतो. त्यांनी आठवी पायरी नीट वाचावी.

आणि मे महिन्यात कॅल्क्युलेटर दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, डिक्कीत त्याहून जास्त तापतं, आणि असा पडदा काळा पडतो. माझा एकदा पडला होता. सावलीत थंड झाल्यावर आकडे परत दिसले, पण तोवर समोर बसलेल्या माणसाचा अर्धा तास गेला.

२. एनपीव्ही म्हणजे काय, एवढं आधी समजून घ्या

आज हातात असलेला रुपया आणि वर्षाने मिळणारा रुपया सारखे नसतात. तुमचा पैसा वर्षाला १२ टक्के कमावू शकतो असं धरलं, तर वर्षाने मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत ८९.२९ पैसे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची ५६.७४ पैसे. पुढे येणारी प्रत्येक रक्कम अशी आजच्या किमतीत आणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून आज घातलेला पैसा वजा करायचा. उरलं ते एनपीव्ही. शून्याच्या वर आलं तर धंदा तुमच्या अपेक्षेइतके १२ टक्के देऊन वर काही शिल्लक टाकतो. शून्याच्या खाली गेलं तर १२ टक्केही सुटत नाहीत. खाली गेलं म्हणजे तोटाच, असा अर्थ मात्र होत नाही. धंदा ८ टक्के देत असेल तरी १२ टक्क्यांच्या मापाने तो उणाच दिसेल.

३. कळा दाबण्याआधी कागदावर रेघ ओढा

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

उदाहरण मामांच्याच तेलघाण्याचं घेते, समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोळाबेरीज केले आहेत. मामा काटोलचे. शेंगदाण्याचा आणि जवसाचा घाणा टाकायचा त्यांचा विचार होता. ते म्हणाले, "पाच लाख घालायचे, पाच वर्षांत आठ लाख परत येतात. तीन लाख सुटतात, हिशेब झाला." मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर आडवी रेघ ओढली आणि सहा खुणा केल्या, ० पासून ५ पर्यंत. शून्य म्हणजे आज, एक म्हणजे पहिलं वर्ष संपतानाचा दिवस. प्रत्येक खुणेखाली रक्कम लिहिली:

- ० : उणे ५,००,००० (मशीन, वीजजोडणी, शेड आणि सुरुवातीचा शेंगदाणा-जवस)
- १ : १,२०,०००
- २ : १,६०,०००
- ३ : १,६०,०००
- ४ : १,६०,०००
- ५ : २,००,००० (धंद्यातून १,४०,०००, जुनं मशीन विकून २५,००० आणि शिल्लक माल मोकळा होऊन ३५,०००)

या रकमा लिहिताना लोक कुठे अडतात ते सांगते.

घसारा, म्हणजे मशीन झिजतं म्हणून वहीत दरवर्षी दाखवायची घट, वजा करू नका. घसारा वहीत लिहिला जातो, खिशातून जात नाही. मशीनचे पैसे तुम्ही शून्याच्या खुणेवर एकदा दाखवले आहेत, घसारा वजा केला तर तेच पैसे दुसऱ्यांदा जातात. घसाऱ्यामुळे आयकर कमी भरावा लागतो, तेवढा फायदा मात्र धरायचा. मामांच्या हिशेबनिसाने आणलेल्या कागदावर नफ्याचे आकडे होते, घसारा कापून. त्यात घसारा परत मिळवल्यावरच वरचे आकडे आले.

कर्जाचा हप्ता आणि व्याजही वजा करू नका. पैशाची किंमत तुम्ही दरातून वसूल करणारच आहात. हप्ताही कापला तर धंद्यावर दुहेरी भार पडतो आणि चांगला प्रकल्प उगाच बुडीत दिसतो.

आधीच खर्च होऊन गेलेला पैसा, समजा मागच्या वर्षी सल्लागाराला दिलेली फी, या हिशेबात येत नाही. घाणा टाकला काय किंवा नाही टाकला काय, ती परत येणार नाही. उलट स्वतःच्या जागेचं भाडं लोक विसरतात. मामांची रस्त्यालगतची खोली आधी भाड्याने दिलेली होती. घाण्यासाठी ती रिकामी केली, म्हणजे ते भाडं बुडालं. तेवढी रक्कम दरवर्षी कापायला हवी, आणि वरच्या आकड्यांत ती कापलेली आहे.

शेवटच्या खुणेवर मोकळा होणारा माल आणि मशीनची विक्री लिहायला विसरू नका. हे बारीक वाटतं, पण ६०,००० रुपये आहेत.

अनुदानाचंही बघा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरलेलं होतं. पण ते आधी वेगळ्या खात्यात राहतं आणि तीन वर्षं कर्ज नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. अशी रक्कम शून्याच्या खुणेवर लिहिली की एनपीव्ही खोटा फुगतो. पैसा ज्या वर्षी खरा पडेल त्याच खुणेवर लिहा.

४. दर ठरवा

दर कॅल्क्युलेटर देत नाही, तो तुम्ही द्यायचा असतो. मामांचं ६० टक्के भांडवल कर्जाचं होतं, १० टक्के व्याजाने. उरलेलं ४० टक्के स्वतःचं, त्यावर त्यांना १५ टक्के तरी सुटावेत अशी अपेक्षा. दहाचे साठ टक्के म्हणजे ६, पंधराचे चाळीस टक्के म्हणजे ६. मिळून १२. व्याजावर करात मिळणारी सूट धरली तर कर्जाचा भाग थोडा खाली येतो, पण शिकताना १२ च धरून चला.

फक्त बँकेचा व्याजदर घेऊन एनपीव्ही काढणारे पुष्कळ भेटतात. तो दर कमी असतो, म्हणून उत्तर गोड येतं. स्वतःचा पैसा फुकट नसतो हे त्यांना समजावण्यात माझा बराच वेळ जातो, पण तो मी देते.

५. मशीनची पाटी पुसा

आता बीए टू प्लस चालू करा. दुसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी कळ ‘सीएफ’. ती दाबली की पडद्यावर सीएफ शून्य दिसतं. लगेच ‘सेकंड’ आणि मग सगळ्यात खाली डावीकडची ‘सीई-सी’ कळ दाबा. तिच्या वर बारीक अक्षरांत ‘क्लिअर वर्क’ लिहिलेलं आहे. यामुळे आधीचे सगळे रोखप्रवाह, म्हणजे वर्षवार टाकलेल्या रकमा, शून्य होतात.

नुसती ‘सीई-सी’ दाबून ते पुसले जात नाहीत. कॅल्क्युलेटर बंद करूनही जात नाहीत, दुसऱ्या दिवशी चालू करा, तसेच तिथे असतात.

माझी चूक इथेच झाली. मामांच्या आधी मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा आठ वर्षांचा हिशेब केला होता. मामांचा करताना जुन्या आकड्यांवर नवे आकडे टाकत गेले, पाच वर्षं झाली तिथे थांबले. सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षाच्या जुन्या रकमा आत तशाच होत्या. उत्तर दोन लाखांच्या वर आलं. मी ते रिपोर्टात लिहिलं, मामांनाही फोनवर सांगितलं, आणि त्या आनंदात त्यांनी घासाघीस न करता मशीनवाल्याला इसार देऊन टाकला. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी वर्षवार तक्ता मागितला तेव्हा मी हाताने आकडे मांडले आणि माझ्या पोटात गोळा आला. प्रकल्प तसाही सुटत होता, पण खरी शिल्लक त्या आकड्याच्या आसपासही नव्हती. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी पाटी पुसून घे बाई." तेव्हापासून प्रत्येक हिशेबाआधी मी ही कळ दाबते, आधी दाबली असली तरी पुन्हा दाबते.

दशांश स्थळं वाढवायची असतील तर ‘सेकंड’ आणि टिंबाची कळ, मग ४ आणि ‘एंटर’. बाहेर यायला ‘सेकंड’ आणि ‘सीपीटी’, तिच्या वर ‘क्विट’ लिहिलेलं असतं. मग पुन्हा ‘सीएफ’ दाबा. मी दोनच ठेवते.

६. आकडे टाका

एक नियम सगळीकडे लागू आहे: आकडा टाइप केला की ‘एंटर’, मग खालचा बाण. ‘एंटर’ न दाबता बाण दाबला तर आकडा आत जात नाही, आणि पडदा तक्रारही करत नाही.

१. ५००००० टाइप करा. मग ‘बरोबर’च्या डावीकडची अधिक-उणेची कळ, मग ‘एंटर’. पडद्यावर उणे चिन्हासह रक्कम दिसली पाहिजे. वजाबाकीची कळ दाबू नका, ती वेगळी आहे.
२. खालचा बाण. सी०१ दिसेल. १२०००० ‘एंटर’.
३. खालचा बाण. एफ०१ दिसेल, आणि १. एफ म्हणजे ही रक्कम सलग किती वेळा येते. एकदाच येते, म्हणून तसंच राहू द्या.
४. खालचा बाण. सी०२ ला १६०००० ‘एंटर’.
५. खालचा बाण. एफ०२ ला ३ ‘एंटर’, कारण दुसरं, तिसरं आणि चौथं वर्ष सारखंच आहे.
६. खालचा बाण. सी०३ ला २००००० ‘एंटर’.
७. खालचा बाण. एफ०३ तसाच १.

आता वरच्या बाणाने एकेक पायरी मागे जात कागदावरच्या रेघेशी आकडे ताडून पाहा. सी०३ म्हणजे तिसरं वर्ष नव्हे, हे लक्षात ठेवा. तो तिसरा गट आहे, आणि आपल्या उदाहरणात तो पाचव्या वर्षी पडतो. या नावांमुळे सुरुवातीला सगळेच गोंधळतात. गोंधळ नको असेल तर एफ वापरूच नका, पाचही वर्षं वेगवेगळी टाका. साध्या बीए टू प्लसमध्ये शून्याशिवाय २४ गटांची जागा आहे, तेवढी पुरते.

मधलं एखादं वर्ष राहून गेलं तर सगळं पुन्हा टाकायची गरज नाही. त्या जागी जाऊन ‘सेकंड’ आणि ‘इन्सर्ट’ दाबलं की जागा मोकळी होते. जास्तीचं असेल तर ‘सेकंड’ आणि ‘डिलीट’.

७. उत्तर काढा

‘एनपीव्ही’ कळ दाबा. पडद्यावर ‘आय’ येतं. १२ ‘एंटर’. आधीचा दर तिथे उरलेला असू शकतो, म्हणून दर दरवेळी नव्याने टाका. खालचा बाण, एनपीव्ही दिसेल, पण समोर शून्य किंवा जुनाच आकडा असेल. आता ‘सीपीटी’ दाबा.

६३,७४६.९८.

मामांच्या तीन लाखांतून वेळेची किंमत कापल्यावर एवढे उरले. प्रकल्प १२ टक्क्यांच्या वर आहे, पण फार मोकळीक नाही. शेंगदाणा महागला किंवा ढेपेचा भाव पडला तर ही शिल्लक लवकर संपेल.

तिथेच ‘आयआरआर’ आणि ‘सीपीटी’ दाबा, १६.६७ येईल. एनपीव्ही नेमका शून्य होतो तो हा दर.

एचपी १२ सी असेल तर असं करा. नारिंगी ‘एफ’ आणि ‘रेग’ दाबून जुनं पुसा. ५०००००, ‘सीएचएस’, निळी ‘जी’, ‘सीएफ शून्य’. १२००००, ‘जी’, ‘सीएफ जे’. १६००००, ‘जी’, ‘सीएफ जे’, मग ३, ‘जी’, ‘एन जे’. २०००००, ‘जी’, ‘सीएफ जे’. १२, ‘आय’. ‘एफ’, ‘एनपीव्ही’. उत्तर तेच. हे मॉडेल १९८१ पासून बाजारात आहे. त्यावर ‘बरोबर’ची कळ नसते, म्हणून बेरीज-वजाबाकी करायची सवय वेगळी लागते.

८. साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळा

मामांच्या प्रसंगानंतर मी एकही उत्तर पडताळल्याशिवाय कागदावर उतरवत नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१२ टाइप करा आणि ‘बरोबर’ दाबत राहा. पहिल्यांदा ०.८९२८ येईल, दुसऱ्यांदा ०.७९७१, तिसऱ्यांदा ०.७११७, मग ०.६३५५, मग ०.५६७४. काही कॅसिओंवर यासाठी १.१२ नंतर भागाकाराची कळ दोनदा, मग १ आणि ‘बरोबर’ असा क्रम लागतो. आपल्याकडचा कुठला क्रम मानतो ते एकदा तपासून घ्या.

प्रत्येक आकड्याने त्या वर्षाची रक्कम गुणा. दशांश पूर्ण ठेवलेत तर असं येईल: १,०७,१४२.८६, १,२७,५५१.०२, १,१३,८८४.८४, १,०१,६८२.८९ आणि १,१३,४८५.३७. बेरीज ५,६३,७४६.९८. पाच लाख वजा करा.

सीएच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत हेच करायचं असतं, त्यामुळे हात बसवा. दरवर्षी रक्कम सारखी असेल तर आणखी सोपं. पाच वेळा ‘बरोबर’ दाबून ‘जीटी’ दाबलं की पाचही आकड्यांची बेरीज मिळते, ३.६०४८. तिने एकदाच गुणायचं.

संगणकावरच्या एक्सेलमध्ये पडताळत असाल तर तिथलं एनपीव्हीचं सूत्र यादीतली पहिली रक्कम एक वर्षानंतरची धरतं. म्हणून आजचे पाच लाख सूत्राबाहेर ठेवून वेगळे वजा करा. आत टाकलेत तर ५६,९१६.९५ येईल.

९. उत्तर चुकलं तर आधी इथे बघा

आपल्या घाण्याच्या उदाहरणात प्रत्येक चुकीचं उत्तर कसं दिसतं ते मी मुद्दाम काढून ठेवलं आहे.

- १०,६३,७४६.९८ आलं: पाच लाखांना उणे चिन्ह द्यायचं राहिलं. अशा वेळी ‘आयआरआर’ दाबलंत तर ‘एरर ५’ येतं, कारण सगळ्या रकमा एकाच दिशेच्या झाल्या.
- २,९७,००० च्या जवळपास आलं: दर १२ ऐवजी ०.१२ टाकला. या कळेला टक्के लागतात, दशांश नाही.
- उणे १,२२,९५०.०७ आलं: एफ०२ ला ३ टाकून ‘एंटर’ दाबलं नाही. शेवटचे दोन लाख तिसऱ्या वर्षी आले आणि मधली दोन वर्षं गायब झाली.
- आकडा यांतल्या कशाशीच जुळत नाही: जुन्या रकमा पुसल्या नाहीत. पाचव्या पायरीवर परत जा.

दर सहामाहीचा किंवा महिन्याचा हिशेब असेल तर दरही तेवढ्याच काळाचा टाका. बँक १२ टक्के दरमहा चक्रवाढीने म्हणत असेल तर महिन्याला १. तुमची स्वतःची अपेक्षा वर्षाला पूर्ण १२ टक्के असेल आणि रकमा तिमाही असतील तर २.८७ टाका, ३ नको. हप्ते काढताना जी ‘पी-वाय’ (वर्षात किती हप्ते) सेटिंग लोक बदलतात, तिचा या हिशेबाशी काही संबंध नाही.

१०. आता संत्र्याचा बगीचा

घाणा सोपा होता, पैसा पहिल्या वर्षापासून येत होता. आपल्या भागातला खरा कस लावणारा हिशेब संत्र्याचा. झाड लावल्यावर सुरुवातीची चार-पाच वर्षं हाती काही लागत नाही, आणि एनपीव्ही चुकतो तो बहुतेक इथेच.

एका एकरात ६ बाय ६ मीटरवर साधारण ११० कलमं बसतात. सरावासाठी आकडे असे धरू: आज शेंदुरजना घाटची कलमं, खड्डे, ठिबक आणि कुंपण मिळून १,५०,००० खर्च. पहिली पाच वर्षं दरवर्षी ३०,००० खर्च. सहाव्या वर्षी ५०,००० हाती. सातव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत दरवर्षी १,२०,०००. तुमच्या शेताचे आकडे तुम्ही घाला, पाणी आणि बहार यांवर ते फार बदलतात.

पाटी पुसा. सीएफ शून्यला उणे १५००००. सी०१ ला उणे ३००००, एफ०१ ला ५. सी०२ ला ५००००, एफ०२ ला १. सी०३ ला १२००००, एफ०३ ला ९. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत नऊ वर्षं होतात, आठ नाही. बोटांवर मोजा, मी अजूनही मोजते. दर १२.

उत्तर ९१,१२३.१३.

आता दर १६ टाकून पुन्हा ‘सीपीटी’ दाबा. उत्तर उणे ८२० च्या आसपास येतं. चार टक्क्यांच्या फरकाने नव्वद हजार गेले, कारण बगीच्याचा पैसा उशिरा येतो आणि उशिराच्या पैशाला दर जास्त कापतो. घाण्याचा एनपीव्ही १६ टक्क्यांनाही ८,००० च्या वर राहतो. म्हणून बगीच्याच्या रिपोर्टात मी एकच दर कधी देत नाही, तीन देते.

समजा पहिली पाच वर्षं तुम्ही सोयाबीन किंवा हरभऱ्याचं आंतरपीक घेतलं आणि त्यातून बगीच्याचा खर्च भरून निघाला. मग त्या वर्षांची रक्कम शून्य. शून्य आहे म्हणून बरेच जण ती वर्षं टाकतच नाहीत, थेट ५०,००० वर जातात. कॅल्क्युलेटरला वाटतं ते पहिल्याच वर्षी आले. उत्तर ४,६५,५२६.७६ दिसतं. खरं उत्तर १,९९,२६६.४२. सी०१ ला ० ‘एंटर’ आणि एफ०१ ला ५ ‘एंटर’ करायलाच हवं. अडीच लाखांहून जास्त फरक पडतो, आणि या आकड्यावर माणूस विहीर खोदायला निघतो. रिकामं वर्षही रेघेवर एक खूण असतं.

११. रिपोर्टात काय लिहायचं

नुसता एनपीव्हीचा आकडा लिहून देऊ नका. त्याशेजारी दर, किती वर्षं धरली, शेवटच्या वर्षी मशीनची किंमत किती धरली आणि आकडे कोणत्या तारखेच्या कोटेशनवरून घेतले ते लिहा. वर्षवार तक्ता सोबत जोडा, बँकेने मागण्याआधीच. आणि तीन दर लावून तीन उत्तरं द्या. घाण्यासाठी मी १२, १४ आणि १६ दिले होते. एकदा रकमा आत गेल्या की दर बदलायला ‘एनपीव्ही’, नवा आकडा, ‘एंटर’, खालचा बाण आणि ‘सीपीटी’, एवढंच लागतं.

पेन्सिलीने ओढलेली ती रेघही फाइलला लावून ठेवा. मामांच्या फाइलमध्ये कॅलेंडरचं ते पान अजून आहे. मागच्या दिवाळीला घाण्याला तीन वर्षं झाली, तेव्हा मामांनी तिसऱ्या खुणेखाली खरा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला, १,५२,०००.